निळ्या जागेपासून समुद्रापर्यंत

अपघातानंतर दोन वर्षं माझ्या बायकोने पार्किंग परमिटचा अर्ज भरू दिला नाही. "मला अपंगाचा शिक्का नको," एवढंच म्हणायची. शेवटी मीच ऑनलाइन फॉर्म उघडून तिच्यापुढे धरला. आम्ही राहतो त्या आखाती देशाच्या या फॉर्मात अपंग हा शब्दच नव्हता, 'पीपल ऑफ डिटर्मिनेशन' असं लिहिलं होतं.

"म्हणजे जिद्दीची माणसं," ती म्हणाली आणि तिने स्वतःच मेडिकल रिपोर्ट जोडला.

परमिट आल्यावर पहिल्याच शनिवारी लेकीला घेऊन आम्ही समुद्रावर गेलो. एरवी गाडी लांब लावावी लागायची, व्हीलचेअर वाळूत रुतायची, म्हणून जाणंच सोडलं होतं. त्या दिवशी परमिटवाल्यांसाठी राखीव, निळ्या खुणेच्या जागेत गाडी लावली आणि पाहतो तर समोरून लाकडी वाट थेट पाण्यापर्यंत गेलेली. तिथल्या जीवरक्षकाने तिला तरंगत्या खुर्चीत बसवलं आणि "यल्ला, मॅडम!" म्हणजे 'चला' म्हणत पाण्यात नेलं.

ती मालवणची, लहानपणापासून पोहणारी. तिने खुर्चीचे हात सोडले आणि दोन्ही बाहू पाण्यावर पसरले.

"ममा, यू आर फ्लोटिंग!" लेक ओरडली.

मी गुडघाभर पाण्यात नुसता बघत राहिलो. घरात कूस बदलतानाही कण्हणारी माझी बायको त्या अफाट पाण्यावर पिसासारखी हलकी झाली होती.