ओवीची ताकद कमी करणारं औषध

मंडळी, पुण्यातल्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. आत आयसीयूत माझी सात वर्षांची भाची ओवी आहे. आमच्या गावी, मांडवगणला, तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्हाला साधी कावीळ वाटली. आठवड्याभरात ती आईलाही ओळखेना.

आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्याच शरीरातल्या संरक्षक पेशी लिव्हरवर हल्ला करतायत. त्यांना दाबायला स्टेरॉइड द्यायचं. पण मग जंतूंशी लढायची ताकदही कमी होणार, आणि गुण येईलच याची खात्री नाही.

माझे वडील भडकले. "लेकराची ताकद काढून घेता व्हय? आमी ती वाढवाया आणलंय हितं!"

"आबा, आत्ता तीच ताकद तिच्या जिवावर उठलीय," मी म्हणाले.

भावानं सही केली. औषध सुरू झालं. आबांना खोकला आहे म्हणून नर्सनं त्यांना दारातच अडवलं. ओवी रोज त्यांच्याच ताटात जेवायची. ते बाकावर जाऊन बसले.

संध्याकाळचा रिपोर्ट सकाळपेक्षा वाईट आला. औषधाला वेळ देऊ, पण लिव्हर बदलायची तयारी ठेवा, असं सांगितलंय. आईच्या लिव्हरचा तुकडा तिला चालेल का हे बघायला वहिनीच्या तपासण्या सुरू झाल्यात.

मगाशी आबांनी मला जवळ बोलावलं. "मी चार दिस गावातच काविळीचा पाला देत बसलो. तवाच आणलं असतं, तर?"

"काही फरक पडला नसता, आबा," मी म्हणाले.

खरं काय ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचा धीरही झाला नाही.

तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?