ओलं अस्तर

माझा नवरा गेला त्या दिवशी कन्हानच्या वाटेवरच्या एका गोदामाला आग लागली होती. तो अग्निशमन दलात होता. कोट जळला नाही. कोटाच्या आत तो भाजला.

मी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोट हाती आला तेव्हा शिवण शाबूत होती, बाहेरचं कापड नुसतं काळवंडलं होतं. अस्तर मात्र अजून ओलं होतं. घामानं इतकं भिजत नाही. अग्निशमन केंद्रावर जाऊन विचारलं, तर त्याच्या पथकाचा प्रमुख म्हणाला, "आत जायच्या आधी आम्ही सगळेच कोट टाक्यात बुचकळून घेतो, वहिनी. मे महिन्यात दुपट्टा ओला करून डोक्याले बांधत नाही का तुम्ही? मंग कोटानं काय घोडं मारलं?"

नागपूरच्या माणसाला यावर उत्तर देणं अवघड आहे. उन्हाळाभर आपण ओल्या कापडाच्या आणि कूलरच्या भरवशावर काढतो. पण ही माणसं पुढच्या आगीतही तशीच शिरणार होती. मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि त्याच कोटातून दोन तुकडे कापायला घेतले.

"वहिनी, दादाचा कोट आहे तो," एकजण म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हटलं.

कापडामागे, त्वचेच्या जागी, आम्ही तांब्याची चकती ठेवतो. कापडातून किती उष्णता आत पोचली, ते तिला जोडलेल्या तापमापकाच्या काट्यावरून कळतं. एक तुकडा पुरता वाळवून घेतला, दुसऱ्याचं अस्तर भिजवलं आणि दोन्ही तापलेल्या सळ्यांसमोर लावले. कोरड्याचा काटा चढू लागला. ओल्याचा जागचा हलेना.

"पाहून राहिल्या ना, वहिनी? ओलंच जिंकते!" प्रमुख हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "शिकलेल्या लोकायचं असंच असते गा."

मी सळ्या तशाच तापत ठेवल्या. पुढचं मला माहीत होतं. अस्तरातलं पाणी तापलं, त्याची वाफ झाली. बाहेरच्या बाजूला जाड कापड, त्यामुळे वाफ आतच वळली. ओल्याचा काटा उसळला आणि कोरड्याला मागे टाकून गेला.

प्रमुख चकतीवर साचलेले थेंब बघत राहिला.

"म्हणजे आमीच त्याले..."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "त्यालाही नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे."

त्या केंद्रावर आता कोट कोरडेच घालतात. मी रोज कामाला जाते. संध्याकाळी घरात मी एकटी असते.