अक्कांनी ओटीत घातलेली पिल्लं

आमच्या अक्का कुठल्याच बाईला रिकाम्या ओटीनं उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. घरात नारळ नसेना का, तांदूळ संपलेले असेनात का, परसातली एखादी फांदी, कंद, मुळी तिच्या पदरात पडायचीच. "झाड मागनाऱ्याला न्हाई म्हनू नये. देनाऱ्याचं झाड दुप्पट फुटतं," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला आले त्याच आठवड्यात ऐकलं. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. पुढं त्याच वाक्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. चौफेर ऊस असताना मी हट्टानं ऑर्किडचं शेडनेट उभं केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. एकट्या अक्का पदर खोचून माझ्यासोबत आत आल्या. नारळाच्या सोडणांवर, मातीशिवाय वाढणारी ती जांभळी झाडं बघून त्यांचा जीव तुटला. "आगं, माती न्हाई व्हय बिचाऱ्यांना? बिनमायची लेकरं जनू!" त्या दिवसापासून फुलं कापायचं काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही.

आणि तिथंच घोडं अडलं. ऑर्किड कापायचं म्हणजे दोन कात्र्या लागतात. एका झाडाला एक वापरायची, तोवर दुसरी जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. एका झाडाचा चीक दुसऱ्याला लागता कामा नये. हे मी अक्कांना सांगून सांगून थकले. त्या मान डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की एकाच कात्रीनं रांग कापत सुटायच्या. मध्येच पातं पदराला पुसायच्या. मी ओरडले तर म्हणायच्या, "धुतलेला पदर हाय, सुनंदे. त्येच्याहून सोवळं काय आसतंय?" काय बोलायचं अशा माणसाला!

मग एका बहरात जांभळ्या फुलांवर पांढुरके ओरखडे उमटले. पानांवर पिवळे पट्टे, त्यात काळे खोलगट डाग. मी एकेक पान उलटसुलट करून बघत राहिले. अक्का मात्र हरखल्या. "ह्ये बघ, देवानं स्वताच्या हातानं रंगवलंय!" ऑर्किडच्या दांड्याला वर मुळासकट छोटं रोप फुटतं, त्याला आम्ही पिल्लू म्हणतो. अक्कांनी नेमकी त्या पट्टेरी झाडांची पिल्लं हौसेनं निवडली आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या ओटीत घातली. नवी जात म्हणून! मला कळलं तेव्हा गल्लीतल्या घरोघरी ती न्हाणीजवळ, तुळशीमागं टांगून झाली होती.

प्रयोगशाळेकडं पानं पाठवली. उत्तर आलं, व्हायरस आहे, औषध नाही, उपटून जाळा. अक्कांचा विश्वासच बसेना. "जगात औषध न्हाई आसं कुटं आसतंय व्हय? हळदीचं पानी तरी मारून बघ." मी एकेक झाड खड्ड्यात टाकत होते आणि या बाई खड्ड्याच्या काठावरून बऱ्यातली बरी उचलून पदराखाली लपवत होत्या. मी त्यांच्या हातातून झाडं हिसकावली. "अक्का, तुमच्या मायेनं माझं वाटोळं केलं!" असं म्हणाले. म्हणाले ते म्हणाले. आजही त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही.

नवी रोपं आणली तेव्हा मी शेडनेटला दार बसवलं, कडी घातली आणि अक्कांना सांगितलं, आत पाऊल टाकायचं नाही. त्या भांडल्या नाहीत. दाराबाहेर पोतं टाकून बसायच्या आणि जाळीतून विचारायच्या, "त्या कोपऱ्यातलीला कळी आली का गं?" मी कधी सांगायचे, कधी रागानं नुसतीच कात्री बदलायचे. त्यांच्या हाती काहीच उरलं नव्हतं, म्हणून दारासमोरून जाणाऱ्या बायकांना त्या कढीपत्त्याच्या डहाळ्या देत बसायच्या. असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी त्या पोत्यावरच कलंडल्या. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबल्या नाहीत.

सुतक फिटल्यावर बायका भेटायला आल्या. पहिलीनं पिशवीतून करवंटीत लावलेलं एक रोप काढलं. "अक्कांनी दिलतं मला. लई फुटलं बघा. तुमच्या घरात त्यांची आठवन ऱ्हाऊ द्या." दुसरीनंही तेच केलं. तिसरीनंही तेच. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक पानावर तेच पिवळे पट्टे! पलीकडं माझी निरोगी झाडं पहिल्या बहरात उभी, आणि इथं दारात हा रोग वाजतगाजत परत आलेला. 'न्या ते परत, जाळा,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बाया डोळे पुसत होत्या. मी पदर पसरला. अक्कांच्या घरात झाडाला नाही म्हणायची रीतच नव्हती.

ती जाळायला मी दोनदा काडेपेटी घेऊन गेले. शेवटी शेडनेटपासून लांब, उकिरड्यापलीकडच्या शेवग्याला बांधून टाकली. त्यांचा तांब्या वेगळा, कात्री तर नाहीच. शेडनेटचं काम आटोपल्यावरच तिकडं जाते, येताना साबणानं कोपरापर्यंत हात धुते आणि लुगडंही बदलते. एवढा कुटाणा कुणी शहाणी बाई करील का? मेली फुलतात पण अशी की बघत राहावं, ओरखड्यांसकट. परवा गल्लीतली एक नवी सून ती शेवग्यावरची फुलं बघून थांबली आणि म्हणाली, "काकू, एक पिल्लू द्या ना."

"नाही," मी म्हणाले. आमच्या घरात झाड मागणारीला असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. पोरगी हिरमुसली. मी हात धुऊन, लुगडं बदलून आले, तिला शेडनेटच्या दाराशी नेलं, दुसरी धुतलेली कात्री घेतली आणि माझ्या सगळ्यात चांगल्या झाडाचं पिल्लू कापून तिच्या ओटीत घातलं. कात्री पाण्यात बुडवताना त्या पोत्याच्या जागेकडं बघून म्हणाले, "अक्का, असं द्यायचं असतं. कळलं का आता?"