बापाची चाल आणि क्लीव्हलँडचा पोल्का

अमळनेर स्टेशनात सुरतेची गाडी शिटी देत होती आणि माझे वडील फलाटावर क्लॅरिनेट वाजवत होते. लोकांना वाटलं, नवरदेव चालला! चाललो होतो मी, सुरतेच्या पांडेसऱ्याला, सांच्यावर म्हणजे यंत्रमागावर कापड विणायला. वडील गावच्या बँडचे मास्तर. हळदीला वाजवायची एक चाल त्यांनी स्वतः बसवली होती. गाडी हलली तसं वाद्य खिडकीतून माझ्या हातात कोंबत म्हणाले, "जाय बेटा, पन वाजाडनं सोडू नको."

नाही सोडलं. सांच्यांच्या खडखडाटात कान अर्धे गेले, बोटं शाबूत राहिली. सुरतेतल्या आमच्या बमरोलीत जिथे खान्देशी हळद, तिथे मी.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून भाच्याने व्हिडिओ धाडला. स्लोव्हेनिया नावाच्या देशातून तिथल्या पोलादाच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांची नातवंडं-पतवंडं. अकॉर्डियनवर त्यांचा पोल्का नाच चाललेला आणि पांढऱ्या केसांच्या बाया गरगर फिरताहेत. भाषा विसरले म्हणे, नाच नाही. मी आनंदाने खाटेवर उभाच राहिलो!

"उतरा खाले, पंखा लागी," बायको म्हणाली.

तिथेच ठरवलं, मुलीच्या हळदीला गावचाच बँड आणायचा. वडील आता नाहीत, पण चाल तर असेल. मुलगी म्हणाली, "चालशे पप्पा! पण एकच गाणं हं."

बँड आला. टेम्पोतून कपाटाएवढे स्पीकर उतरले आणि गरबा सुरू झाला. मी धावलो. "अरे, हळदीची चाल?"

आताचा मास्तर वडिलांच्याच शिष्याचा मुलगा. तो लाजला. "काका, तुम्ही सुरतवाला. तुमले हाईच आवडस म्हनीसन महिनाभर बसाडं."

मी क्लॅरिनेट काढलं, दरबारी वादकासारखा वाकून मुजरा केला आणि वाजवलं. बमरोलीच्या चार म्हाताऱ्या पदर खोचून नाचल्या. गावचे पाहुणे कौतुकाने बघत उभे. मास्तर पुढे आला. "भारी शे, काका! हाई चाल गुजराती शे का?"

गावात राहिलेल्यांनो, बाहेर पडलेल्यांनो, खरं सांगतो, मी हसलो. मग त्याला शेजारी बसवून शिकवायला घेतलं. अर्ध्यातच टेम्पोवाल्याने हॉर्न मारला आणि तो उठला.

ज्याला मी जन्मभर घर म्हणत आलो, त्या गावाला माझ्या बापाची अर्धीच चाल येते. उरलेलं घर माझ्या छातीत आहे, आणि मला आता दोन जिने चढलो तरी धाप लागते.