बाराही काळ्या

दर पंधरा दिवसांनी झालेलं काम वापरणाऱ्यांना दाखवायचं आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं, याला आमच्या कंपनीत रिव्ह्यू म्हणतात. त्यातलं दाखवायचं काम आम्ही फार मनापासून करतो.

त्या खेपेला आमचे साहेब आणि आम्ही पुण्याहून सास्तूरला गेलो. शेळ्यांच्या लसीची नोंद ठेवणारं ॲप आम्ही केलं होतं. आजवर ही नोंद गावातल्या पशुसखी, म्हणजे घरोघरी शेळ्यांना लस टोचणाऱ्या मावशी, वहीत ठेवायच्या. ‘कानफाटकी’, ‘कुंपणावरून उडी मारणारी’, ‘मेंबराच्या दारची लंगडी’. ॲप पास झालं की वही बंद, असं ठरलेलं. ॲपमध्ये मालकाच्या नावाखाली शेळीचा रंग निवडायचा: तांबडी, पांढरी, करडी, काळी. मी त्याच जिल्ह्यातल्या तामलवाडीचा. आमच्याकडची शेळी बहुतेक काळीच असते, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. पण रंगांच्या त्या गोल टिकल्या पुण्यात सगळ्यांना इतक्या आवडल्या होत्या, आणि माझी बढती इतकी जवळ आली होती, की मी ते बोलून दाखवायच्या फंदात पडलोच नाही.

समाजमंदिरात आधी सत्कार झाले. आम्हाला शाल-नारळ, साहेबांना वर फेटाही. एवढा मान घेतल्यावर काम वाईट असायचा प्रश्नच उरत नाही. मग भिंतीवर ॲप उमटलं. साहेबांनी नमुन्याची पांढरी शेळी निवडली, ‘लस दिली’ असं हिरव्या अक्षरांत आलं, टाळ्या पडल्या.

“काही सुधारणा?” साहेबांनी विचारलं.

“लई भारी हाय!” सगळे म्हणाले. मावशीही म्हणाल्या.

दारी आलेल्या पाहुण्याच्या कामाला आमच्याकडे तोंडावर नावं ठेवत नाहीत. साहेबांना हे माहीत नव्हतं, मला होतं. तरी मी नोंद केली: वापरकर्ते समाधानी. साहेबांनी मावशींची वही समारंभपूर्वक जमा करून घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली.

चहा झाला. साहेब गाडीत बसले, तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं.

“दादा, आमच्या शेजारी एका घरी बारा शेळ्या हायत. बाराही काळ्या. कुणाला टोचलं नि कुणाला न्हाय, त्यात कसं कळायचं? एखादी राहिली नि दगावली, तर लोक मला धरतेल, फोनला न्हाय.”

“मग आत का नाही बोललात, मावशी?”

“पाव्हण्याला शाल घालायची नि लगेच त्येचंच वाकडं बोलायचं व्हय? पण तुमी कुठं पाव्हणं? तुमी हितलंच. तुमी का गप बसला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खांद्यावरची शाल काढून ठेवायला जागा सापडेना.

गाडीतून साहेब हाका मारत होते. मी पिशवीतली वही काढून मावशींच्या हातात परत दिली आणि खिडकीपाशी गेलो.

“साहेब, जरा खाली उतरता का?” मी म्हणालो. “रिव्ह्यू राहिलाय.”