मिठाने भरलेली होडी

होडी सोडली त्या दिवशी तलावावर आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, माझी सून आणि यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. मुलगा कामावर गेलेला. मी तिसरी शिकलेली, म्हणून सांगते मी आणि लिहिते सून.

सगळं आयुष्य आमचं कोपरीला गेलं. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं. पायाच्या भेगांत मीठ गेलं की रात्री झोप नसायची, सकाळी परत त्याच पायांनी जायचं. दोन पोरं गेली, एक राहिला. त्याने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगीत घर घेतलं, तिथे आता आम्ही सगळे असतो.

यांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर बोलला, आहे ती नजर पण थोडेच महिने. हे घरी आले, चहा प्यायले आणि बोलले, बापाची होडी करायची, हातभर. यांचा बाप शिडाच्या होडीतून खाडीने मीठ न्यायचा. तशी होडी पाण्यावर चालताना एकदा बघायची, मग डोळे गेले तर जाऊ देत.

आंब्याच्या पेटीच्या फळ्या आणल्या. हे गॅलरीत बसून काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडायचे, अंगठा फिरवून बघायचे, परत खरवडायचे. घाई माहीतच नाही. जीव माझा वरखाली. रोज सकाळी मी यांच्यासमोर बोटं धरायची, किती ते सांगा. एक दिवस चार बोटांची तीन झाली. मी भाकऱ्या अर्ध्या टाकून गॅलरीत गेले आणि बोलले, आता पुरे, फळ्या जोडून सांधे भरा. सांध्यात कापूस आणि राळ घातली. शीड यांना पांढरं पाहिजे होतं. मी माझं लाल लुगडं फाडलं. पांढरं तुम्हाला दिसायचं नाही, असं तोंडावर बोलले. यांनी तेच काठीला बांधलं.

टबात सोडली तर होडी कलली. नणंद बोलली, "वैनी, दादा रिकामीच सोडतोय. मिठाशिवाय ती सरळ उभी राहील कशी?"

सून बोलली, आत दगड टाका ना. आम्ही तिघं म्हातारे तिला हसलो. खाडीतून दगड कोण विकायला नेतं? मी डब्यातलं खडे मीठ ओतलं. होडी कशी ताठ उभी राहिली.

तलावावर होडीच्या दोऱ्याचं टोक यांच्या बोटाला बांधलं. वारा होता. होडी सुटली, शीड फुगलं. हे पुढे वाकून बोलले, दिसतेय, दिसतेय. पण एका सांध्यातून पाणी आत शिरलं. मीठ विरघळायला लागलं, होडी डुलली आणि आडवी झाली. तेवढ्या लांबचं यांना दिसत नव्हतं.

"गेली का पुढे?"

"गेली," मी बोलले.

यांनी दोरा ओढून बघितला. मग बोलले, "दोरा ढिला पडलाय. खोटं नको सांगू गं. पुढे तुझ्याच तोंडून बघायचंय मला."

मग मी सगळं सांगितलं. आडवी झाली, मीठ पाण्यात गेलं, शीड बुडलं. यांनी ऐकून घेतलं. बोलले, बापाच्या होडीत एक माणूस नुसता पाणी उपसायलाच असायचा, तो आपण ठेवलाच नाही. नणंद बोलली, दादा, मला बसव, पण होडी मोठी कर. सून गुडघाभर पाण्यात उतरून होडी घेऊन आली.

आता सांधे उकलून परत भरतोय. या वेळी आत रेती घालणार. बोटं दाखवायचं मी बंद केलंय, उत्तर ऐकवत नाही, आणि मन कुठल्याच कामात लागत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. तलावावर दोरा धरून बसलेला म्हातारा दिसला तर जवळ जा, आणि होडी कुठे चाललीय ते त्याला खरं सांगा. बुडत असली तरी सांगा. माझ्या तोंडून खरं कदाचित परत निघायचं नाही.