आत्याबाईंचं दूध

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. पंखा फिरतो आहे तो फक्त गरम हवा इकडची तिकडे करण्यापुरता. तासगावात वैशाखातल्या दुपारी जागं राहायचं म्हणजे हट्टच पाहिजे, आणि सुलक्षणाकडे तो मुबलक आहे. पलंगावर पाठीला उशी, मांडीवर कापडी बाहुली, शेजारी तिनं स्वतः तपकिरी लोकरीनं विणलेला स्तन, समोर स्टुलावर उभा केलेला मोबाइल. संध्याकाळी पाच वाजता परीक्षा आहे. तोवर सगळं पुन्हा घोकायचं आणि डोळा लागू द्यायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं आहे.

लोकरीचा स्तन घरात आला तेव्हा तिचे यजमान शामराव या खोलीत पेपर वाचायला बसेनात. मग हळूहळू सवय झाली. आता तर ते त्याच्यावर चष्मा ठेवतात.

सुलक्षणा गावातल्या एका प्रसूतिगृहात नोंदणीच्या टेबलावर बसते. बाळ-बाळंतीण घरी निघाली की पिशवीतून पावडरच्या दुधाचा डबा डोकावताना दिसतो. ते बघून बघून तिचा जीव कळवळला आणि तिनं पुण्यातल्या एका संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला, स्तनपान सल्लागार व्हायचा. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली आली आणि नाटकात नापास झाली. नाटक म्हणजे प्रात्यक्षिक. वर्गातल्याच एक, परभणीच्या उज्ज्वला जोंधळे सासू होतात आणि सुलक्षणानं त्या सासूला समजवायचं, की आईचं पहिलं दूध, तो पिवळसर चीक, बाळाला द्या, टाकून देऊ नका. समजवायचं राहतं बाजूला, सुलक्षणा भांडायलाच उठते. गेल्या खेपेला तिनं असं तोंड सोडलं की वर्ग घेणाऱ्या शिरवळकर मॅडमनी तिचा माइकच बंद करून टाकला. उज्ज्वलाताई बिचाऱ्या पडद्यावर घोट घोट पाणी पीत बसल्या. नंतर मॅडम म्हणाल्या, तुमचं ज्ञान पक्कं आहे, पण दुखावलेली सासू दार लावून घेते आणि आत बाळ उपाशी राहतं. आधी विचारा, मग ऐका, मग सांगा. तुम्ही एकदम तिसऱ्यावर उडी मारता.

आज शेवटची संधी आहे. जमलं तर प्रमाणपत्र, आणि आयांना सल्ला द्यायला डॉक्टरांनी कबूल केलेली प्रसूतिगृहातली कोपऱ्यातली खोली. नाही जमलं तर तेच टेबल आणि समोरून जाणारे तेच डबे.

ती एवढी का भडकते, हे मॅडमना माहीत नाही. त्याचं कारण म्हणजे तिच्या सासूबाई, अनुसयाबाई. घरात सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांना जाऊनही बराच काळ लोटला. सुलक्षणाला लेक झाली, मुक्ता, तेव्हा आत्याबाईंनी तिचा चीक वाटीत पिळून काढला आणि परड्यातल्या केळीच्या बुडाशी ओतून दिला. पोरीला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. सुलक्षणाची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, आणि मग पोरीला जवळ घेतलं तर ती तोंड फिरवायला लागली. हिला दूधच नाही, असा घरानं निकाल दिला. त्याच आठवड्यात गोठ्यातली म्हैस व्याली आणि तिच्या चिकाचा खरवस अख्ख्या गल्लीत वाटला गेला. मुक्ता आता पुण्यात शिकते आहे. शेळीच्या दुधावर वाढले म्हणून माझं डोकं चालतं, असं म्हणून आईला चिडवते. सुलक्षणा हसते, पण तो खरवस तिच्या घशात अजून अडकलेला आहे. आत्याबाई तशा सुनेच्या मागे लागणाऱ्या नव्हत्या. जेवलीस का, विचारायच्या. एक मोगरा तेवढा त्यांना घरात चालत नसे. कुणी गजरा आणला तर दाराबाहेर ठेवायला लावायच्या. सुलक्षणाला तो म्हाताऱ्या माणसाचा विक्षिप्तपणा वाटायचा.

चीक, चीक, चीक. मोबाइलवरच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागतात. मांडीवरची बाहुली जड होते. पंख्याचा आवाज लांब जातो, कुणीतरी तो उचलून शेजारच्या घरात नेल्यासारखा.

वर्ग सुरू झाला आहे. पडद्यावर चौकोन चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकेक बाई. सुलक्षणा नीट बघते तर तो पडदा नाही, परात आहे, आणि चौकोन म्हणजे खरवसाच्या वड्या. वरून जायफळ किसलेलं. आत्याबाई चुलीपुढं बसून सुरीनं वड्या कापताहेत. अंगावर तेच हिरवं इरकल, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला.

"ये, बस," त्या म्हणतात. "जेवलीस का?"

सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं मनातल्या मनात रचलेलं भाषण आज ऐकवायचंच. ती तोंड उघडते. शब्द येत नाहीत. ती गळ्याला हात लावून बघते, तर तिथं लाल रेघ मारलेला माइक चिकटला आहे. मॅडमनी इथंही आवाज बंद केला आहे. ती नखानं तो खरवडते, ओढते, निघत नाही. आत्याबाई आपल्या वड्या कापताहेत, त्यांना काही घाई दिसत नाही.

आता त्या दोघी एसटी स्टँडवर आहेत, आयांनी बाळाला पाजायची छोटी खोली असते तिच्यात. खोली आतून मात्र गोठ्याएवढी लांब आहे आणि बाकांवर बायकाच बायका बसल्या आहेत, सगळ्यांच्या मांड्या रिकाम्या. बाहेर ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची नावं पुकारतात. ती गावांची नावं नाहीत, बाळांची आहेत. एकेक नाव पुकारलं की एकेक बाई उठते, पदर सावरते आणि जाते. आत्याबाई बाकाच्या टोकाला बसून कान देऊन ऐकताहेत.

"माझं न्हाय पुकारत," त्या म्हणतात. "पुकारत्याल तरी काय? नावच ठेवलं न्हवतं."

शामरावांच्या आधी घरात एक मूल झालं होतं असं सुलक्षणानं उडत उडत ऐकलं होतं. कुणाकडून, ते आठवत नाही. आत्याबाईंना विचारायचं तिच्या कधी मनातच आलं नाही. त्या फक्त सासू होत्या.

तिला राग काढायचा आहे, पण आवाज नाही. मग करणार काय, ऐकतेच.

आत्याबाई खालच्या आवाजात सांगत राहतात. मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच झाली, आषाढातल्या पावसाच्या गारठ्यात. दाईनं त्यांच्या कुशीत दिली आणि त्यांनी कुणाला न विचारता तिला छातीशी लावलं, कारण दूध आलं होतं आणि पोर समोर होती, त्यात विचारायचं काय. पिवळं, दाट दूध. पोर बारशाच्या आधीच गेली. आत्याबाईंच्या सासूनं सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की हिच्या चिकानंच पोर मारली.

"मग मुक्ता झाली," आत्याबाई म्हणतात. "तुझी छाती भरली नि माझ्या पोटात गोळा आला. म्हनलं, हिचं आपल्यासारखं व्हायला नगं. म्हनून ती वाटी."

सुलक्षणाच्या गळ्यावरचा माइक कधी गळून पडतो ते तिला कळतच नाही. ध्यानात येतं तेव्हा तिच्याकडे आवाज आहे, आणि ते भाषण मात्र जागेवर नाही. इतकं पाठ केलेलं, त्यातला एक शब्द सापडत नाही. त्या वाटीत भीती होती. तिला आजवर वाटत आलं की हेकटपणा होता.

"आत्याबाई, ती दूध ओढायची कशी?" ती विचारते.

या प्रश्नाला आत्याबाई दचकतात. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही. त्या आपलं बोट तोंडाशी नेऊन दाखवतात. "दोन घोट वढायची. मग दमायची. मग झोपायची. हात गार, पाय गार. मी उठवायची, ती पुन्हा झोपायची."

"तुम्ही तिला कुठं ठेवलं होतंत?"

"सुपात. कापडात गुंडाळून. सासूबाई माझ्याजवळ ठेवू द्यायच्या न्हाईत, बाळंतिणीचा विटाळ म्हनून. पाजायपुरती आनायच्या."

सुलक्षणा त्यांच्या शेजारी सरकते. पुस्तकातलं सगळं तिला येतं, कमी दिवसांची बाळं, थंडी, आईच्या अंगाची ऊब, पण त्यातलं किती सांगायचं, ते ती पहिल्यांदाच तोलून बघते.

"आत्याबाई, तिच्यात ओढायची ताकद नव्हती. ती लहान होती आणि गारठली होती. तुमचं दूध चांगलं होतं. तिच्या पोटात तेवढंच एक ऊन ऊन गेलं, आणि ते तुम्ही दिलंत."

आत्याबाईंचे ओठ हलतात, वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणून बघावं तसे. मग त्या पदर खाली घेतात. चोळीवरून छातीभोवती धोतराची पांढरी पट्टी आवळून बांधलेली आहे, इतकी घट्ट की वरचं मांस फुगून आलं आहे. पट्टीच्या कडेनं मोगऱ्याच्या पाकळ्या बाहेर आल्या आहेत, काळ्या पडलेल्या, चिकटलेल्या. दूध आटवायला छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची जुनी रीत मॅडमनी मागच्याच आठवड्यात वर्गात सांगितली होती. सुलक्षणानं ती लिहून घेतली होती आणि परीक्षेत येईल का, एवढाच विचार केला होता. दाराबाहेर ठेवायला लावलेले सगळे गजरे तिला आता एकदम आठवतात. तिला रडू येतं आणि ती ते आवरत नाही.

"सोड की गं," आत्याबाई म्हणतात. "गाठ पाठीमागं हाय. माझा हात पोचंना."

सुलक्षणा त्यांच्या मागे बसते. आता ते स्टँड नाही, परडं आहे, केळीचा बुंधा आहे, आणि त्याच्या बुडाशी ओल आहे. गाठीवर गाठ मारलेली आहे, कापड घामानं आणि दुधानं कडक झालेलं. ती नखं आत घालते. अंगठा आणि तर्जनी दुखायला लागतात. पट्टी बोटांत रुतते. आत्याबाई बसून आहेत, केस विंचरून घेणाऱ्या पोरीसारख्या मान थोडी खाली घालून. पहिली गाठ सुटते. दुसरी सुटता सुटत नाही, मग तीही सुटते. पट्टी सैल होऊन खाली पडते आणि आत्याबाई इतका मोठा श्वास घेतात की केळीची पानं हलतात.

त्यांच्या चोळीवर पुढं दोन ओले डाग उमटतात आणि पसरत जातात. त्या खाली बघतात. लाजल्यासारखं हसतात.

ध्वनिक्षेपक पुन्हा वाजायला लागतो. या वेळी तो नाव पुकारत नाही. नुसतं म्हणतो, आई, आई, आई. आत्याबाई पदर सावरून उठतात.

"जेवून घे," जाता जाता त्या म्हणतात.

मोबाइल वाजतो आहे. गजर लावलेला होता, तो. सुलक्षणा डोळे उघडते. खोलीत ऊन तिरपं झालं आहे, पंखा फिरतो आहे, बाहुली मांडीवरून सरकून कुशीत आली आहे. ब्लाउज घामानं पाठीला चिकटला आहे. तिला आधी काही कळत नाही, मग सगळं एकदम आठवतं.

बोटं दुखताहेत. ती हात उजेडात धरते. उजव्या अंगठ्याचं नख कडेनं फाटलं आहे, तर्जनीवर आडवी लाल रेघ आहे, दोरी रुतून उमटावी तशी. आणि नखाच्या फाटीत एक दोरा अडकला आहे. पांढरा, जुना, पिवळट पडलेला सुती दोरा, हाताला कडक लागणारा. ती शेजारच्या लोकरीकडे बघते. ती तपकिरी आहे. पलंगावरची चादर निळी आहे. या घरात धोतर नेसणारं माणूस आता कुणी नाही.

शामराव दारातून डोकावून विचारतात, चहा टाकू का. ती मान हलवते. तोंडावर पाणी मारून येते आणि मोबाइलसमोर खुर्ची घेऊन बसते.

मॅडमचा चेहरा येतो, मग उज्ज्वलाताईंचा. उज्ज्वलाताईंनी पदर डोक्यावर घेतला आहे आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आहे. मागच्या अनुभवानं त्या शहाण्या झाल्या आहेत. मॅडमचा हात माइकच्या बटणाजवळ आहे, हे सुलक्षणाला दिसतं.

"आमच्यात पहिलं दूध काढून टाकतात," उज्ज्वलाताई सासूच्या आवाजात सुरू करतात. "माझ्या सासूनं तेच केलं, मीही तेच करणार. तुम्ही कोण मला सांगणार?"

सुलक्षणा नखातल्या दोऱ्यावरून बोट फिरवते. वाट बघून मॅडम कॅमेऱ्याजवळ वाकतात.

"सासूबाई," सुलक्षणा म्हणते, "तुमच्या पहिल्या वेळी काय झालं होतं?"

उज्ज्वलाताई समोरच्या कागदावर नजर टाकतात. तिथं या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नाही. त्या कागद बाजूला ठेवतात. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरतो, तो त्या पुन्हा घेत नाहीत.

"मला हे कुणी विचारलंच नाही," त्या म्हणतात. हे सासू बोलली की उज्ज्वला जोंधळे, ते मॅडमनाही कळत नाही. त्यांचा हात बटणावरून बाजूला होतो.

"मी विचारते आहे," सुलक्षणा म्हणते. "सावकाश सांगा."

ती खुर्ची पुढं ओढते आणि ऐकायला लागते. नखातला दोरा तिनं अजून काढलेला नाही.